ग्रीक फॅलँक्स मैदानावर उभा करायचाय? आधी हात मोजा

प्राचीन ग्रीक पायदळाबद्दल, म्हणजे ढाल-भाले घेऊन दाटीने उभ्या राहणाऱ्या त्याच्या फॅलँक्स या रचनेबद्दल वाचायला घेतलं की एक आकडा लगेच समोर येतो: प्रत्येक सैनिकाला तीन फूट जागा. मलाही तोच आधी भेटला. तो वहीत उतरवला, कागदावर चौकोन आखले आणि एका रविवारी सकाळी कॉलेजची बत्तीस मुलं मैदानावर उभी केली. पंधरा मिनिटांत सगळं विस्कटलं. मुलं वळली की ढाली एकमेकींवर आपटत होत्या, चालायला लागली की फळी वाकडी होत होती, आणि मागच्याचा बांबू पुढच्याच्या कानाशी येत होता. मुलांचं काहीच चुकलं नव्हतं. मीच एका काळाचं अंतर दुसऱ्या काळाच्या हत्याराला लावून बसलो होतो.

त्यानंतरचे दोन हिवाळे आम्ही हे पुन्हा पुन्हा करून पाहिलं. मूळ ग्रीक लेखक वाचायचे, मैदानावर उतरायचं, अडलं की परत पुस्तकाकडे जायचं. तुम्हाला शाळा-कॉलेजात प्रात्यक्षिक करायचं असेल, नाटकातला प्रसंग बसवायचा असेल किंवा वाचलेलं नीट समजून घ्यायचं असेल, तर खालच्या क्रमाने जा. तुमचे निदान चार-पाच रविवार वाचतील.

काय काय लागेल

- माणसं ३२. हा आकडा मुद्दाम धरलाय, कारण पुढे येईल.
- सुतळीची किंवा सुती दोरी, निदान ५० फूट, आणि गाठींवर बांधायला रंगीत चिंध्या.
- मैदान आखायची पांढरी फक्की.
- ८ ढाली. ९० सेंटीमीटर व्यासाच्या प्लायवुडच्या चकत्या चालतात. आठ बाय चारच्या एका शीटमधून दोनच निघतात, म्हणजे चार शीट धरा. १८ मिमीची चकती सात किलोच्या आसपास भरते, ते मूळ ढालीच्या वजनाच्या जवळ आहे. पण पहिले काही आठवडे ६ मिमीच्याच वापरा, नाहीतर अर्ध्या तासात सगळे खांदे चोळत बसतील.
- ८ फुटी काठ्या ३२, टोकांना कापडाचे बोळे घट्ट बांधून.
- २१ फुटी बांबू ५. मांडववाल्याकडे विचारा. हे शेवटच्या टप्प्यात लागतात.
- मैदानाची लेखी परवानगी आणि प्रथमोपचाराची पेटी.
- वाचायला चार प्राचीन ग्रीक लेखक: थ्युसिडिडीजच्या इतिहासाचा ५वा भाग, पॉलिबियसचा १८वा, झेनोफनचं स्पार्टाच्या व्यवस्थेवरचं छोटं पुस्तक आणि अस्क्लेपिओडोटसची कवायतीवरची पुस्तिका. चारही इंग्रजी भाषांतरात मिळतात.

पायरी १: सैनिक कोणता आणि कोणत्या वर्षीचा, ते ठरवा

ही पायरी गाळलीत तर पुढचं सगळं चुकतं. ‘ग्रीक पायदळ’ या एका नावाखाली निदान दोन वेगळे सैनिक येतात.

पहिला होप्लाइट. डाव्या हातावर मोठी गोल ढाल, उजव्या हातात साधारण सात-आठ फुटांचा भाला. इ.स.पू. ४९०ची मॅरेथॉन, ४१८ची मॅन्टिनिया, ३७१ची ल्यूक्ट्रा या लढाया त्याच्या. दुसरा मॅसेडोनियन सैनिक, फिलिप दुसरा आणि त्याचा मुलगा अलेक्झांडर यांचा. त्याच्याकडे दोन्ही हातांनी धरायचा सारिसा नावाचा अतिलांब भाला आणि खांद्यावरून अडकवलेली लहान ढाल.

तीन फुटांचा तो प्रसिद्ध आकडा पॉलिबियसचा आहे. तो इ.स.पू. दुसऱ्या शतकात लिहीत होता, आणि त्याला मॅसेडोनियन फॅलँक्सची तुलना रोमन सैन्याशी करायची होती. अस्क्लेपिओडोटस आणि एलियन यांच्या कवायतीच्या पुस्तिकाही सारिसावाल्यांच्याच आहेत. थ्युसिडिडीज आणि झेनोफन या दोघांनी स्वतः सैन्याचं नेतृत्व केलं होतं, पण होप्लाइट शेजाऱ्यापासून किती फुटांवर उभा राहायचा हे दोघांनीही लिहिलेलं नाही. त्यांच्या वाचकांना ते सांगायची गरजच नव्हती, बहुतेकांनी फळीत उभं राहून ते अंगाने अनुभवलेलं होतं.

म्हणूनच आजच्या अभ्यासकांत दोन बाजू आहेत. एक म्हणते, होप्लाइटही तीन फुटांवरच, ढालीला ढाल लावून उभे. दुसरी म्हणते, भाला चालवायला जागा हवी, अंतर सहा फुटांपर्यंत असणार. ढाल हातात घेऊन चालल्यावर माझं मत असं झालंय: येताना मोकळे, भिडताना जवळ. एकच आकडा सगळ्या लढाईला लावायचा हट्ट धरू नका.

पायरी २: फूटपट्टी बाजूला ठेवा, दोरीला हाताच्या गाठी मारा

ग्रीक पुस्तिकांतली अंतरं ‘पेखिस’ या मापात आहेत. पेखिस म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी, म्हणजे आपला हातच. त्याचे भागही ओळखीचे आहेत. ग्रीकांच्या हातात २४ बोटं, वितीत १२. आपल्याकडे २४ अंगुळांचा हात आणि १२ अंगुळांची वीत. त्यांचं पाऊल म्हणजे फूट १६ बोटांचं, म्हणून एक हात बरोबर दीड फूट. आजच्या मापात साधारण ४५ सेंटीमीटर धरा.

दोरीला दर हातावर गाठ मारा, दर चौथ्या गाठीला लाल चिंधी बांधा. अस्क्लेपिओडोटस तीन अंतरं सांगतो:

- ४ हात (६ फूट): मोकळी रचना. चालताना, वळताना, वाट पाहताना. याला तो वेगळं नाव देत नाही, हे नैसर्गिक अंतरच आहे म्हणतो.
- २ हात (३ फूट): दाट रचना, ग्रीकात ‘पिक्नोसिस’. शत्रूवर चालून जाताना.
- १ हात (दीड फूट): ढाली भिडवलेली रचना, ‘सिनास्पिस्मॉस’. शत्रू अंगावर येतोय आणि तो जागेवर उभं राहून झेलायचाय तेव्हा.

इथली चूक जवळजवळ प्रत्येक नवखा करतो. दोन हात म्हणजे दोन माणसांमधली रिकामी जागा नव्हे. ती एका माणसाच्या वाट्याची पूर्ण जागा आहे, त्याचं अंग धरून. माझ्या नाकापासून शेजाऱ्याच्या नाकापर्यंत दोन हात. आम्ही पहिल्यांदा खांद्यापासून खांद्यापर्यंत मोजलं आणि फळी दीडपट लांब झाली.

पायरी ३: आधी ओळ बांधा, मग फळी

मराठीत ‘रांग’ म्हटलं की आडवी की उभी, हे कळत नाही. मैदानावर गेल्या गेल्या शब्द वाटून घ्या. एकामागे एक उभे ती ओळ, शेजारी शेजारी उभे ती फळी. हे ठरवलं नाही तर निम्मी सकाळ वादात जाते.

ग्रीक कवायतीचा पाया ओळ आहे. प्रत्येक माणसाला एकच गोष्ट पक्की ठाऊक हवी: माझ्या पुढे कोण. स्पार्टाच्या रचनेचं वर्णन करताना झेनोफन म्हणतो की लोकांना ती अवघड वाटते, पण माणसं ओळखता आली की चूक होणं कठीण, कारण काहींनी पुढे चालायचं असतं आणि बाकीच्यांनी त्यांच्या मागे. ओळीतला पहिला आणि शेवटचा, हे दोघं सर्वांत भरवशाचे निवडा. पहिला वाट दाखवतो, शेवटचा मागून कोणाला सटकू देत नाही. होमरच्या काव्यातला वृद्ध नेस्टरही भित्र्यांना मध्ये घालतो.

आता ३२चा हिशेब. मॅन्टिनियाच्या लढाईबद्दल थ्युसिडिडीज सांगतो की स्पार्टाच्या सैन्यात सात मोठ्या तुकड्या होत्या, प्रत्येकीत चार उपतुकड्या, त्या प्रत्येकीत चार ‘इनोमोटिया’. शपथ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव आलंय, म्हणजे शपथेने बांधलेली तुकडी. प्रत्येक इनोमोटियाच्या पहिल्या फळीत चार जण आणि खोली, म्हणजे एकामागे एक उभी माणसं, साधारण आठ. चार गुणिले आठ, बत्तीस. म्हणजे तुमची मुलं मिळून स्पार्टाची एक पूर्ण इनोमोटिया होते. मुलांना हे आधी सांगा, उभं राहण्याची ढबच बदलते.

चार ओळी, प्रत्येकीत आठ. ओळींमध्ये चार-चार हात. फक्कीने चार समांतर रेघा मारा आणि प्रत्येक ओळ आपापल्या रेघेवर उभी करा.

पायरी ४: ढालीचा पट्टा योग्य जागी लावा

पहिल्या खेपेला आम्ही चकतीच्या मधोमध मूठ बसवली, सिनेमातल्यासारखी. साफ चूक. होप्लाइटच्या ढालीला मध्यभागी एक रुंद कडं असतं, त्यातून हात कोपरापर्यंत आत जातो, आणि मूठ असते ती उजव्या कडेजवळ. वजन कोपरावर आणि खांद्यावर येतं, मनगटावर येत नाही.

याचा परिणाम बघायला हातात ढाल घ्याच. चकतीचा मध्य कोपराशी आला की ढालीचा जवळजवळ अर्धा भाग डावीकडे बाहेर राहतो, आणि स्वतःची उजवी बाजू, भाल्याच्या हाताची, उघडी पडते. तिला आडोसा असतो तो उजवीकडच्या शेजाऱ्याच्या ढालीचा. दोन हातांवर उभे राहिलात की ९० सेंटीमीटरच्या ढाली कडेला कड लागून उभ्या राहतात. एका हातावर आलात की निम्म्या निम्म्या एकमेकींवर चढतात.

आठ जणांना ढाली देऊन दोन हातांवर उभं करा आणि मधल्या एकाला म्हणा, दोन पावलं मागे जा. त्याच्या डावीकडचा मुलगा लगेच उजवीकडे बघतो. प्रत्येक वेळी बघतो. हे पाहिल्याशिवाय सातवी पायरी कळणार नाही.

पायरी ५: आज्ञा देताना दिशा आधी, क्रिया नंतर

ग्रीक कवायतीत डावं-उजवं नव्हतं. ‘भाल्याकडे’ म्हणजे उजवीकडे, ‘ढालीकडे’ म्हणजे डावीकडे. हेच शब्द वापरा. हातातली वस्तू खोटं बोलत नाही, त्यामुळे गडबड कमी होते.

अस्क्लेपिओडोटसचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो. तो म्हणतो, आज्ञा थोडक्यात आणि एकाच अर्थाची हवी, आणि नेमका शब्द सर्वसाधारण शब्दाच्या आधी यायला हवा. ‘वळा’ हे आधी ऐकू आलं तर उत्साहाच्या भरात कोणी इकडे वळेल, कोणी तिकडे. आपल्या शाळेतलं ‘दाहिने मूड’ याच घडणीचं आहे: दिशा कळते, माणूस तयार होतो, मग ‘मूड’वर वळतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या पुस्तिकेत ओळखीची गोष्ट अशी सापडली की वाचनाचं चीज होतं.

आवाज पोचत नसेल तर दृश्य खूण, आणि धुळीने तीही दिसत नसेल तर तुतारी, असे तीन मार्ग तो सांगतो. तुम्ही हाक, हातातला झेंडा आणि शिट्टी घ्या. पण पहिली आज्ञा कायम एकच: शांतता.

शांततेचं बळ किती ते इ.स.पू. ३३५मध्ये दिसलं. इलिरियन प्रदेशात पेलिऑनजवळ अलेक्झांडर अडचणीच्या जागी सापडला होता. त्याने फॅलँक्स १२० माणसं खोल उभा केला आणि शत्रूसमोर नुसती कवायत सुरू केली, एक शब्द न बोलता. भाले उभे, मग खाली, मग सगळे मिळून उजवीकडे, मग डावीकडे. पुढे सरकले, वळले, परत फिरले. बघणारे इलिरियन पहिल्या टेकड्या सोडून मागे हटले, असं अलेक्झांडरच्या मोहिमांचा इतिहासकार एरियन लिहितो.

अशी कवायत सगळेच ग्रीक करत होते, असं मात्र समजू नका. होप्लाइटच्या काळात नियमित सरावाचं नाव होतं ते स्पार्टाचं. थीब्ज या नगरराज्याने ३०० निवडक योद्ध्यांचं पवित्र पथक राज्याच्या खर्चाने पोसलं. अथेन्सचा होप्लाइट बहुधा शेतकरी किंवा कारागीर. नगरराज्य सार्वजनिक सराव घेत नाही म्हणून निदान आपल्या शरीराची हेळसांड करू नका, असं झेनोफनच्या एका पुस्तकात सॉक्रेटीस तरुणाला सांगतो. अथेन्सची पद्धतशीर व्यवस्था आपल्याला दिसते ती इ.स.पू. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात: १८ वर्षांच्या तरुणांना पहिलं वर्ष पायरियस बंदराजवळ पहारा, ढाल-भाल्याचं शिक्षण, धनुष्य, भालाफेक, अगदी दगडफेकी यंत्रसुद्धा. रोजचा भत्ता चार ओबोल नाणी. वर्ष संपलं की नाट्यगृहात नागरिकांसमोर कवायत, आणि राज्याकडून ढाल आणि भाला. तेव्हा तुम्ही इ.स.पू. ४३१ सालचा अथेनियन उभा करत असाल तर त्याला फार सफाईदार दाखवू नका.

पायरी ६: ४ हातांवरून २ हातांवर या

कागदावर हे सोपं दिसतं. मैदानावर दोन मार्ग आहेत.

पहिला, एका बाजूला सरकणं. उजवी ओळ जागेवर, बाकीच्या तिच्याकडे सरकतात. फळीची रुंदी निम्मी होते, म्हणजे शत्रूला तुमच्या डाव्या बाजूला वळसा घालायला जागा मिळते.

दुसरा मार्ग ओळी दुप्पट करण्याचा. चार ओळी आठ-आठच्या, चार हातांवर. रुंदी चार गुणिले सहा, २४ फूट. आता प्रत्येक ओळीतले मागचे चार जण पुढे येऊन ओळींमधल्या मोकळ्या जागेत शिरतात. आठ ओळी झाल्या, चार-चारच्या, दोन हातांवर. रुंदी आठ गुणिले तीन, तीच २४ फूट. मैदानावरची जागा तसूभर बदलली नाही, फळी मात्र दाट झाली. आठ ढाली का लागतात ते इथे समजेल.

- मागचे चार जण कोणत्या बाजूने पुढे येणार ते आधी ठरवा. आम्ही ढालीच्या बाजूने आणतो.
- पुढे येताना सगळ्यांच्या काठ्या उभ्या. आडवी काठी घेऊन एकही पाऊल नाही.
- आधी चालत दहा वेळा करा. पळत करायची घाई नको.
- वळायचं असेल तर चार हातांवर असतानाच वळा. एका हातावर आलात की वळणं संपलं. ढाली भिडवल्यावर कोणत्याही बाजूला वळता येत नाही, हे एरियनने लिहूनच ठेवलंय.

पायरी ७: चाला, आणि फळी उजवीकडे सरकताना बघा

पन्नास पावलांवर दोन काठ्या रोवा, फळीच्या दोन टोकांच्या बरोबर समोर. आठ ढालकरी दोन हातांवर उभे करा आणि सांगा, सरळ काठ्यांच्या मध्ये जा. आमची फळी पहिल्या दिवशी उजव्या काठीच्या बाहेर जाऊन पोचली. दुसऱ्यांदा बजावून सांगितलं, तरी थोडी सरकलीच.

कारण थ्युसिडिडीजने नेमकं दिलंय. प्रत्येक जण आपली उघडी बाजू उजवीकडच्याच्या ढालीआड नेऊ बघतो, आणि सुरुवात होते ती सर्वांत उजवीकडच्या माणसापासून. त्याला उजवीकडे आडोसा देणारं कोणीच नाही, तो सतत शत्रूच्या कडेबाहेर जाऊ पाहतो, आणि बाकीचे त्याच भीतीने त्याच्या मागे ओढले जातात.

मॅन्टिनियाला हे सरकणं जवळजवळ घातक ठरलं. इ.स.पू. ४१८, स्पार्टाचा राजा एजिस. दोन्ही सैन्यं उजवीकडे सरकत होती, त्यामुळे स्पार्टाच्या डाव्या टोकाला शत्रूचा वळसा पडेल अशी स्थिती आली. एजिसने चालता चालता डाव्या टोकाच्या तुकड्यांना आणखी डावीकडे सरकायला सांगितलं. मध्ये भगदाड पडलं. ते बुजवायला त्याने उजवीकडून हिपोनोइडास आणि अरिस्टोक्लीज या दोन अधिकाऱ्यांना त्यांच्या तुकड्या घेऊन यायला सांगितलं. ते आले नाहीत. शत्रू भिडायला काही क्षण राहिले होते, आणि अशा वेळी फळीतली माणसं उचलून दुसरीकडे नेणं त्यांना जमलं नाही किंवा पटलं नाही. भगदाड तसंच राहिलं, शत्रूकडचे मॅन्टिनियाचे लोक आणि आर्गॉस नगरराज्याचे निवडक हजार सैनिक त्यातून आत घुसले आणि डावी बाजू सामानाच्या गाड्यांपर्यंत मागे रेटली गेली. मधल्या आणि उजव्या बाजूने लढाई जिंकली म्हणून स्पार्टा वाचलं. त्या दोघांना पुढे भित्रेपणाच्या आरोपावरून हद्दपार केलं.

तुमच्या आठ जणांबरोबर हा प्रसंग करून बघा. चालत्या फळीतल्या डाव्या तिघांना चार पावलं डावीकडे घ्या आणि मग उजव्या दोघांना ती फट भरायला पाठवा. मधल्या तिघांच्या मागून वळसा घालून त्यांना किती वेळ लागतो ते मोजा. त्या दोन अधिकाऱ्यांबद्दल माझं मत त्या सकाळी बदललं.

सरकणं कमी करायचा उपाय म्हणजे संथ, ठेक्यावरची चाल. स्पार्टाचे लोक औलोसच्या तालावर हळूहळू पुढे यायचे. थ्युसिडिडीज मुद्दाम सांगतो की हे धार्मिक कारणासाठी नव्हतं, पावलं समान पडावीत आणि फळी तुटू नये म्हणून होतं. औलोसला बासरी म्हणायची सवय सोडा. ते पत्तीचं वाद्य आहे, सनईसारखं, आणि वादक दोन नळ्या एकाच वेळी फुंकतो. आम्ही सनईचं ध्वनिमुद्रण लावून पाहिलं, मग हलगीच्या साध्या ठेक्यावर आलो. हलगीवर पावलं जास्त नीट पडली.

पळायला लागलात की अंतर संपलं. इ.स.पू. ४०१मध्ये क्युनाक्साच्या लढाईत झेनोफन स्वतः होता. फॅलँक्सचा एक भाग लाटेसारखा पुढे फुगला आणि मागे राहिलेल्यांना त्याला गाठायला धावावं लागलं, असं तो लिहितो. ती लाट तुम्हाला शंभर पावलांच्या धावेत दिसेल. धाव घ्यायचीच असेल तर काठ्या खाली ठेवून घ्या.

पायरी ८: खोली आणि रुंदीचा हिशेब करा

सूत्र सोपं आहे. एकूण माणसं भागिले खोली, गुणिले एकाची जागा. ग्रीक लोक खोली ‘ढालीं’त मोजायचे: आठ ढाली खोल, पंचवीस ढाली खोल.

मॅन्टिनियाला स्पार्टाच्या पहिल्या फळीत, स्किरिटाई ही वेगळी तुकडी सोडून, ४४८ माणसं होती: सात गुणिले चार गुणिले चार गुणिले चार. तीन फुटांनी १,३४४ फूट, सुमारे ४१० मीटर. सहा फुटांनी दुप्पट, ८२० मीटर. एवढा फरक एका अंतराने पडतो, म्हणून पहिली पायरी इतकी महत्त्वाची.

खोली आठ हा नेहमीचा आकडा, पण नियम नाही. मॅरेथॉनला अथेन्सने पर्शियन फळीइतकी लांबी गाठण्यासाठी मधला भाग अगदी पातळ ठेवला. ४२४मध्ये डेलियमला अथेन्सवाले आठ खोल, समोर थीब्जचे पंचवीस. ल्यूक्ट्राला थीब्ज निदान पन्नास, स्पार्टा जास्तीत जास्त बारा. झेनोफन सांगतो की तिथे इनोमोटिया तीन ओळींत होती, म्हणजे छत्तीस माणसं. चार मुलं जास्त मिळाली तर ल्यूक्ट्राही उभारता येईल.

हिशेबाची सवय पॉलिबियसकडून घ्या. इ.स.पू. ३३३च्या इससच्या लढाईचं अलेक्झांडरचा इतिहासकार कॅलिस्थेनिस याने केलेलं वर्णन पॉलिबियस याच सूत्राने तपासतो. एक स्टेड म्हणजे ६०० फूट. सोळा खोलीने आणि चालतानाच्या सहा फुटांच्या अंतराने एका स्टेडमध्ये १,६०० माणसं मावतात, मग इतकी माणसं त्या अरुंद जागेत उभी कशी राहिली, असा त्याचा सवाल. कोणत्याही पुस्तकातला नकाशा पाहिलात की हाच सवाल विचारा.

पायरी ९: सारिसा, आणि ही सर्वांत शेवटी

पॉलिबियसच्या मते सारिसा मूळ १६ हातांचा, प्रत्यक्षात १४ हातांचा, म्हणजे २१ फूट. त्यातले चार हात धरण्यात आणि मागच्या तोलात जातात, दहा हात पुढे येतात. पाच जण एका ओळीत दोन-दोन हातांवर उभे करा. पहिल्याच्या पायाशी फक्कीने रेघ मारा आणि पुढे २, ४, ६, ८, १० हातांवर खुणा करा. भाले खाली आले की पाच टोकं पाच खुणांवर येतात. सहाव्याचं टोक पहिल्याच्या पुढे जातच नाही, म्हणून मागचे भाले तिरपे वर धरायचे. वरून येणारे बाण आणि भाले त्यांत अडायचे.

रोमन सैनिकाला तलवार चालवायला आणखी तीन फूट लागतात, म्हणून एका रोमन सैनिकासमोर दोन ओळी आणि दहा टोकं येतात. एका मुलाला लाकडी तलवार देऊन समोर उभं करा, लांबूनच. तो काही बोलत नाही, नुसता बघत राहतो.

इथे सावधगिरी दुप्पट हवी. वारा असेल त्या दिवशी हे करू नका. बांबू खाली आणताना पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, वर नेताना शेवटच्यापासून पहिल्यापर्यंत. बांबू आडवा असताना कोणीही वळायचं नाही. ही आमची मैदानावरची शिस्त आहे, पण इ.स.पू. १९७मध्ये सायनोसेफलीच्या टेकड्यांवर आडव्या भाल्यांनी वळता न येणं जिवावर बेतलं: मॅसेडोनियन उजवी बाजू उतारावरून रोमनांना रेटत होती, तेवढ्यात एका रोमन अधिकाऱ्याने वीस मॅनिपल (रोमन पायदळाच्या लहान तुकड्या) घेऊन तिच्या पाठीवर हल्ला केला. सारिसावाल्यांना वळता येईना. शेवटी त्यांनी भाले सरळ उभे धरले. त्यांच्यात ती शरणागतीची खूण होती, रोमन सैनिकांना ती माहीत नव्हती.

जमीनही आधी पायाखालून घाला. फॅलँक्सला सपाट, झाडं-ओढे-खड्डे नसलेली जागा लागते, हे पॉलिबियस ठासून सांगतो. इ.स.पू. १६८मध्ये पिडनाला खडबडीत जमिनीवर फटी पडल्या आणि रोमन लहान लहान गटांनी त्यांत घुसले. आमच्या मैदानात क्रिकेटच्या खेळपट्टीचा चार बोटं उंचवटा होता. पाच टोकांपैकी दोन तेवढ्यानेच हलली.

पायरी १०: घरी जाण्याआधी पावलांचे ठसे मोजा

कवायत संपली की लगेच पांगू नका. मऊ मातीत ठसे राहतात. फक्कीच्या रेघेपासून प्रत्येक ओळ किती सरकली ते गाठींच्या दोरीने मोजा आणि तारीख, माणसं, ढाली, ठेका यांच्यासह वहीत टिपा. मुलांनाच मोजू द्या. आपण दोन हातांवर होतो की तीन, हे त्यांना स्वतःच्या ठशातून समजतं.

दवात भिजलेली दोरी तशीच गुंडाळून ठेवू नका, ताणून वाळवा. सुतळी ओली झाली की आखडते, आणि पुढच्या रविवारी तुमचा हात दोन बोटं कमी भरतो.